चौदा आर

मी मोजणीचं चाक बोलतोय. मला गाडीला जोडत नाहीत की माझ्यावर कुणी बसत नाही. एक लांब दांडा, त्याच्या खालच्या टोकाला मी आणि माझ्या बगलेत आकडे दाखवणारी एक छोटी डबी, एवढाच माझा संसार. माणसाने दांडा धरून चालायचं आणि मी त्याच्यापुढे फिरत राहायचं. माझा एक फेरा पुरा झाला की डबीत टक् असा आवाज होतो आणि आकडा एकाने वाढतो. एक फेरा म्हणजे एक मीटर. जन्मात मला एवढं एकच काम आलं. तेच मी तीन वर्षं चुकीचं केलं. चूक होतेय हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं, पण डबीला टक् सोडून दुसरा शब्द येत नाही.

मी ज्या कारखान्यात तयार झालो तिथे एका बाईने माझ्या कडेवर रबराची पातळ पट्टी बसवली आणि मला एका पोलादी पट्टीवरून फिरवून पाहिलं. आकडा बरोबर आला. तिने मला खोक्यात घालताना शेजारणीला सांगितलं, हे कधी खोटं बोलायचं नाही. ते बोलणं मला आशीर्वादासारखं वाटलं होतं. पुढे त्याचंच ओझं झालं.

तिथून मी शेतीच्या अनुदान कार्यालयात आलो. सरकार दरवर्षी शेतकऱ्यांना पिकाखालच्या जमिनीच्या हिशेबाने काही रक्कम देतं. आपली जमीन किती, हे शेतकऱ्याने स्वतः अर्जात लिहायचं. मग कार्यालयात चिठ्ठ्या निघतात आणि ज्यांचं नाव येईल त्यांचं शेत मोजायला माणूस जातो. लिहिलेल्यात आणि मोजलेल्यात शंभरामागे पाचाचा फरक असेल तर माफ. त्याहून जास्त निघाला तर त्या वर्षाचं अनुदान बंद, आणि नाव तीन वर्षांसाठी कार्यालयाच्या फलकावर. फलकाचं शीर्षक जाड अक्षरांत आहे : खोटी माहिती देणारे.

तो मोजणारा माणूस माझा धनी. चालायचा ताठ, बोलायचा मोजकं, आणि दुपारचा डबा बरोबर एक वाजता उघडायचा. खेड्यापाड्यांतले लोक त्याला फुटपट्टी म्हणायचे. तो फाटकापाशी दिसला की आतून कुणीतरी म्हणायचं, फुटपट्टी आली रे, सरळ उभे राहा. त्याला ते ऐकू यायचं आणि मनातून आवडायचंही. तो कुणाच्या घरचा चहासुद्धा घेत नसे. कुणी आकड्यावरून वाद घातला, तर माझ्या दांड्यावर हात ठेवून त्याचं एक ठरलेलं वाक्य असे, "माणूस खोटं बोलेल, चाक बोलणार नाही."

मला किती अभिमान वाटायचा त्या वाक्याचा!

कार्यालयाच्या मागच्या अंगणात पितळेचे दोन खिळे ठोकलेले होते, बरोबर पन्नास मीटरवर. दर वर्षी मोजणी सुरू व्हायच्या आधी तो मला एका खिळ्यापासून दुसऱ्यापर्यंत फिरवायचा आणि मग नोंदवहीत लिहायचा : तपासलं, बरोबर आहे. खाली सही. तो दिवस माझ्या वाढदिवसासारखा असायचा.

नऊ वर्षांनी माझी रबरी पट्टी फाटली. काट्याकुट्यांतून, गोट्यांवरून फिरून आणखी काय होणार? नवी पट्टी मागवायला चार कागद लागतात आणि कागदांना चार महिने. मोजणी तोंडावर आलेली. फुटपट्टी तेव्हा दोन दिवस रजेवर होता. भांडारातल्या बाबूने मला उचललं आणि रस्त्यापलीकडच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुकानदार भला माणूस. त्याने एक पट्टी कापून चिकटवली आणि विचारलं, "ही अर्धा सेंटीमीटर जाड आहे बरं का. चालेल ना?"

बाबू घड्याळाकडे बघत म्हणाला, "फिरलं म्हणजे झालं."

अर्धा सेंटीमीटर. तुम्हाला ते बोटाच्या नखाएवढं वाटेल. पण माझा घेर वाढला. आता एका फेऱ्यात मी मीटरभर नाही, त्याहून थोडं जास्त चालून जात होतो आणि डबी मात्र एकच म्हणत होती. जिथे शंभर मीटर जमीन होती तिथे मी सत्त्याण्णव सांगू लागलो. लांबीत तीन कमी, रुंदीत तीन कमी, म्हणजे सबंध शेतात शंभरामागे जवळजवळ सहा. आणि माफी होती पाचापर्यंत.

खिळ्यांवर फिरवलं असतं तर लगेच कळलं असतं. पण त्याच वर्षी अंगणात साहेब लोकांच्या गाड्या लावण्यासाठी डांबर टाकलं होतं. खिळे डांबराखाली गेले. फुटपट्टी त्या काळ्या अंगणात मला घेऊन बराच वेळ उभा राहिला. मग आत गेला, वही उघडली आणि लिहिलं : तपासलं, बरोबर आहे. नऊ वर्षं बरोबर आलं होतं, दहाव्या वर्षी का येणार नाही, असं त्याला वाटलं असेल. तो वाईट माणूस नव्हता. म्हणूनच मला आजही त्याच्यावर धड रागावता येत नाही.

त्या वर्षी पहिलीच चिठ्ठी निघाली ती ताईंच्या शेताची.

ओढ्याकाठचं शेत. तीन बाजू सरळ, चौथी ओढ्यासारखी वळत गेलेली. ते कसत होते एक बहीण आणि एक भाऊ. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. बहीण सत्तरीची, तिला सगळा परिसर ताई म्हणायचा. भाऊ बासष्टचा झाला तरी त्याला सगळे धाकटेच म्हणायचे. शेतातलं काम धाकटे बघायचे, कागद ताई. दर वर्षी अर्ज भरायच्या दिवशी दोघांचा एकच वाद. धाकटे म्हणायचे, जरा हात राखून लिही, सगळे लिहितात, वेळ काही सांगून येत नाही. ताई म्हणायच्या, आहे तेवढं लिहायचं. आणि लिहायच्या : दोन हेक्टर चाळीस आर. आर म्हणजे हेक्टराचा शंभरावा भाग. आकड्यासमोर त्या पेन्सिलीने एक बारीकशी बरोबरची खूण करायच्या, शाळेतल्या बाईंसारखी. तो वाद म्हणजे त्यांचा खेळच होता. खेळ संपला की धाकटे चहा टाकायचे.

आम्ही शेत मोजलं. दोन हेक्टर सव्वीस.

चौदा आर कमी. फुटपट्टीने पुन्हा बेरीज केली. तीच आली. धाकटे हसले, त्यांना थट्टा वाटली. मग ते हसायचे थांबले आणि बहिणीकडे बघू लागले.  ताईंनी फुटपट्टीच्या हातातला कागद घेतला, शेवटपर्यंत वाचला आणि परत दिला.

ताईंनी हरकत घेतली. हरकतीची मुदत तीस दिवसांची. त्या तीस दिवसांत त्यांनी कपडे वाळत घालायची दोरी सोडली, कापडाच्या दुकानातल्या लाकडी मीटरने तिच्यावर गाठी मारल्या आणि स्वतः शेत मोजायला घेतलं. दोरीचं दुसरं टोक धरायला त्यांनी धाकट्यांना हाक मारली. धाकटे गोठ्यात होते. त्यांनी हाक ऐकली आणि ते गेले नाहीत. मग ताईंनी दर वेळी एक खुंटी ठोकायची, तिला दोरी बांधायची, पलीकडे चालत जायचं, परत येऊन खुंटी उपटायची, असं केलं. सत्तर वर्षांची बाई. चार दिवस लागले. आकडा आला : दोन हेक्टर चाळीस.

हरकतीवर फेरमोजणी झाली. सरकारी नियमाप्रमाणे झाली, म्हणजे पुन्हा माझ्याकडूनच झाली. पुन्हा दोन हेक्टर सव्वीस. चूकसुद्धा किती इमानी असते बघा, दोनदा विचारलं तर दोनदा तेच सांगते.

ताईंनी गाठींची दोरी फुटपट्टीसमोर ठेवली. तो चिडला नाही. आजारी माणसाशी बोलावं तसा म्हणाला, "ताई, दोरी ताणली जाते. चाक ताणलं जात नाही."

ताई म्हणाल्या, "साहेब, दोरी ताणली गेली तर ती लांब होईल. लांब दोरीने मोजलं तर आकडा कमी यायला हवा. माझा जास्त कसा आला?"

 अख्खं उत्तर त्या एका वाक्यात होतं. वस्तू लांब झाली की आकडा कमी येतो. माझी पट्टी, माझा वाढलेला घेर, सगळं त्यात होतं.  फुटपट्टीच्या कपाळावर आठी आली. मग त्याने घड्याळ पाहिलं, अजून दोन शेतं बाकी होती. त्याने आपलं ठरलेलं वाक्य म्हटलं आणि कागद पुढे केला.

ताई भावाकडे वळल्या. एवढंच म्हणाल्या, तू तरी सांग, आपलं शेत किती आहे ते. पन्नास वर्षं नांगर धरलेला तो माणूस. बांधावरचा दगडन् दगड त्याला माहीत होता. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "सरकारचं चाक खोटं, आणि तू एकटी खरी?"

पुढचं मला नंतर कळलं. फलकावर दोघांचं नाव लागलं, कारण शेत दोघांच्या नावावर. दुकानात बियाणं मोजून देताना दुकानदार धाकट्यांना म्हणाला, बघून घ्या हो, तुमच्याकडचं मोजमाप जरा वेगळं असतं. लोक हसले. धाकटे घरी येऊन ताईंना म्हणाले, लिहिताना चुकले एवढं म्हण, मी विषय सोडतो. ताई म्हणाल्या, चुकले असते तर म्हटलं असतं. महिनाभर दोघं एकाच टेबलावर, वेगवेगळ्या वेळी जेवले. मग एका सकाळी ताईंनी एक पेटी भरली आणि दोन तासांवरच्या शहरात लांबच्या नात्यातल्या भाचीकडे गेल्या. भाचीचं शिलाईचं दुकान आहे. दोरी त्यांनी परत कपडे वाळत घालायच्या जागी बांधून ठेवली होती, गाठींसकट.

आम्ही मात्र पुढे मोजत राहिलो. तीन हंगाम. आणि एक विचित्र गोष्ट होत होती. जे हात राखून लिहायचे ते सुटत होते. जे बेधडक दुप्पट लिहायचे ते कुणाकुणाला भेटून चिठ्ठीतूनच नाव काढून घ्यायचे. सापडत होती ती फक्त आहे तेवढं लिहिणारी माणसं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, तो सूळ मी होतो. अकरा घरं फलकावर गेली. फुटपट्टी घरी बायकोला सांगायचा, काळ बदलला गं, चांगली चांगली माणसंही खोटं लिहायला लागली. हे सांगताना त्याला खरंच वाईट वाटायचं.

त्याची मुलगी शाळेत खेळ शिकवते. चौथ्या वर्षी शाळेच्या स्पर्धा होत्या आणि पळण्याची मार्गिका आखायची होती. तिने वडिलांना बोलावलं. सुट्टीचा दिवस होता, स्वच्छ ऊन. मैदानाच्या दोन्ही टोकांना शंभर मीटरचे जुने दगड पुरलेले होते. फुटपट्टी पहिल्या दगडापासून मला घेऊन निघाला. दुसऱ्या दगडापाशी पोचलो तेव्हा डबीत सत्त्याण्णव होते.

तो म्हणाला, तुमचा दगड चुकीच्या जागी आहे.

मुलगी हसली. म्हणाली, बाबा, या दगडांवर वीस वर्षं पोरं पळतायत. तिने खोलीतून पोलादी फीत आणली. फितीने शंभर भरले. तिने माझ्याकडे वाकून पाहिलं, अंगठ्याने रबर दाबलं आणि सहज विचारलं, "हे टायर कधी बदललं तुम्ही?"

 तो दगडापाशीच खाली बसला. ताठ पाठीचा तो माणूस दुमडून बसलेला मी पहिल्यांदा पाहिला. मग तो म्हणाला, "तिने मला सांगितलं होतं गं. दोरी लांब झाली तर आकडा कमी येतो. तिने सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन मोठ्या साहेबांकडे गेला आणि सगळं सांगितलं. डांबराखालचे खिळे, आपली सही, काही लपवलं नाही. साहेबांनी त्याला पाणी दिलं. मग समजावलं की हरकतींची मुदत केव्हाच संपली, बंद झालेली प्रकरणं उघडली तर सगळ्या कार्यालयावर येईल. तुमच्या निवृत्तीला आठ महिने राहिलेत, शांतपणे जा. चाकाचं काय ते आम्ही बघतो. त्यांनी माझं बघितलं ते असं : भांडाराच्या वहीत नोंद झाली, 'झीज झाल्याने निकामी'. झीज! झिजलो असतो तर लोकांची शेतं मोठी भरली असती. माझ्या मरणाच्या दाखल्यावरसुद्धा कारण खोटं लिहिलं.

फुटपट्टी खाली आला. फलकासमोर उभा राहिला. खिशातलं लाल पेन काढून त्याने अकरा घरांच्या नावांवर एक एक रेघ मारली. रेघ सरळ यावी म्हणून फुटपट्टी वापरली. बाजूला लिहिलं, मोजणीची चूक, आणि खाली सही केली. त्यासाठी त्याच्यावर चौकशी बसली ती अजून चालू आहे, आणि त्याचं पेन्शन तिच्यात अडकून पडलंय. त्याने ते गृहीतच धरलं होतं. पण त्याला जे करायचं होतं ते फलकापाशी संपणार नव्हतं. निकामी ठरलेला मी आणि मुलीची फीत, अशा दोघांना गाडीत घालून तो अकरा घरी गेला.

कुणी दार लावून घेतलं. कुणी शिव्या दिल्या. एका म्हाताऱ्याने आत बोलावून चहा दिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा फुटपट्टीने तो घेतला. अकरावं घर ओढ्याकाठचं. ते त्याने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, धीर होत नव्हता म्हणून.

धाकट्यांनी सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं. मग म्हणाले, मोजा. फितीला दोन माणसं लागतात. एक टोक फुटपट्टीने धरलं, दुसरं धाकट्यांनी. मला बांधावर टेकवून ठेवलं होतं, तिथून मी दोघांना पाहत होतो. ओढ्याकडच्या वळणावर जमिनीत खुंट्यांची जुनी भोकं होती, गवताने निम्मी बुजलेली. धाकटे तिथे पोचले आणि फीत हातात धरून उभेच राहिले. फुटपट्टी पलीकडून ताण द्या, ताण द्या म्हणून ओरडत होता. त्यांना ऐकू येत नव्हतं.

दोन हेक्टर चाळीस.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं शहरात गेलो. शिलाईच्या दुकानात ताई खिडकीपाशी बसून शर्टाला बटणं लावत होत्या. हात आता थोडा कापत होता. फुटपट्टीने मला कोपऱ्यात ठेवलं, हात जोडले आणि म्हणाला, ताई, दोष माझा आहे. ताईंनी त्याला स्टूल दिलं. म्हणाल्या, साहेब, तुम्ही तिऱ्हाईत माणूस. तुम्ही तुमच्या चाकावर विश्वास ठेवलात, त्यात काय. शेवटी कबूल करायला आलात, एवढं कोण करतं? भाचीला त्यांनी पाणी आणायला सांगितलं.

धाकटे दारातच उभे होते. म्हणाले, "ताई, चाळीस भरले. बरोबर चाळीस. चल घरी."

ताईंनी दोरा दाताने तोडला. "कधी मोजलंस?"

"काल."

"म्हणजे मी काल खरी झाले."

धाकट्यांनी तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. त्या क्षणी ते आणि मी सारखेच होतो.

ताई रागाने बोलल्या नव्हत्या. राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी पुढचं बटण घेतलं, सुई उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, "फीत आली म्हणून तुला पटलं. आणि उद्या कुणी सांगितलं, फीत खोटी होती, मग? मी किती वेळा पेटी भरू?"

त्या आल्या नाहीत.

आता मी धाकट्यांच्या स्वयंपाकघरात आहे, दाराजवळच्या खुंटीला टांगलेला. हे चाक मला द्या, असं त्यांनी फुटपट्टीकडून मागून घेतलं. मला वाटलं, जाळतील. जाळलं नाही. संध्याकाळी भाकरी भाजताना ते माझ्याशी बोलतात. जे मला माहीत नव्हतं ते सगळं मला असंच कळलं. दोरी, खुंट्या, गोठ्यात ऐकलेली ती हाक. हाकेपर्यंत आलं की ते थांबतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सांगतात.

ताई गेल्यापासून या घरातून अर्ज गेलाच नव्हता. गेल्या महिन्यात यंदाचा अर्ज आला. धाकट्यांनी चष्मा लावून तो पहिल्यांदाच स्वतः भरला. दोन हेक्टर चाळीस लिहिलं, हात न राखता. सहधारकाच्या सहीची जागा रिकामी होती. त्यांनी अर्ज पाकिटात घालून शहराला पाठवला. सोबत चिठ्ठी लिहायला ते तीन दिवस बसले होते. शेवटी नुसता अर्जच गेला.

आज तो परत आला. ताईंची सही आहे, जरा कापरी. आणि चाळीसच्या आकड्यासमोर पेन्सिलीने केलेली एक बारीकशी बरोबरची खूण आहे. धाकट्यांनी ती खूण खिडकीशी नेऊन पाहिली. मग पाकीट उलटं करून झटकलं, आत दुसरं काही आहे का म्हणून. पुन्हा झटकलं. आत बोट घालून पाहिलं.

काही नव्हतं.

माझं आयुष्य संपल्यात जमा आहे, रबर सुटत चाललंय. जायच्या आधी एकच मागणं आहे. आम्हाला वापरा, आमच्याशिवाय तुमचं चालायचं नाही. पण वर्षातून एकदा आम्हाला खिळ्यांवर फिरवा, आणि खिळ्यांवर डांबर टाकू नका. आणि घरातलं कुणी दोरी हातात घेऊन हाक मारत असेल, तर आकडा काय येतो याची वाट पाहू नका. आधी जा आणि दुसरं टोक धरा.

धाकट्यांनी चहा टाकलाय. पाकीट अजून त्यांच्या हातातच आहे.